इटालियन प्रश्नोत्तरं : करायला, करायचं आणि नुसतं करणं

मागच्या अंकात इटालियन क्रियापदांची तोंडओळख झाली, तेव्हा शेवटी एवढंच लिहिलं होतं की शब्दकोशात क्रियापद शोधायचं तर ते इन्फिनिटिव्ह रूपातच सापडतं, म्हणजे आपल्या 'करणं, जाणं, खाणं'सारखं, आणि त्याच्या शेवटी आरे, एरे नाहीतर ईरे असतं : पार्लारे म्हणजे बोलणं, लेज्जेरे म्हणजे वाचणं, दोर्मीरे म्हणजे झोपणं. त्यावर नाशिक शहरातून आणि आसपासच्या गावांमधून इतके प्रश्न आले की यावेळी सगळी जागा त्यालाच देतेय. इटालियन शब्द देवनागरीत उच्चाराप्रमाणे लिहिलेत, ते मोठ्यानं वाचा, मनात नको.

प्रश्न : ताई, मी कॉलेज रोडला राहते, इंजिनिअरिंगचं शेवटचं वर्ष आहे आणि पुढे मिलानला जायचा विचार आहे म्हणून मोबाईलवर इटालियन शिकतेय. 'व्होल्यो आ मांजारे' लिहिलं तर चूक दाखवलं, मग 'कोमिंचो मांजारे' लिहिलं तर तेही चूक, म्हणजे कधी मध्ये 'आ' लागतो, कधी 'दि' लागतो, कधी काहीच नाही. याला काही नियम आहे का पाठच करायचं?

उत्तर : अगं, पहिल्यांदा ते इंग्रजी 'टू' डोक्यातून काढ. तू इंग्रजीत 'आय वॉन्ट टू ईट' असा विचार करतेस आणि मग त्या 'टू'साठी इटालियनमध्ये काहीतरी शोधतेस, म्हणून तो 'आ' तिथे येऊन बसतो. मांजारे हा शब्द स्वतःच पूर्ण आहे, त्याच्या 'आरे'मध्येच आपलं 'णं' आलं. त्याच्या आधी काय लागणार ते मांजारे ठरवत नाही, त्याच्या आधीचं क्रियापद ठरवतं. व्होलेरे (हवं असणं) काहीच मागत नाही म्हणून 'व्होल्यो मांजारे', आणि कोमिंचारे (सुरू करणं) 'आ' मागतं म्हणून 'कोमिंचो आ मांजारे'.

आता कोण काय मागतं ते कसं ओळखायचं? इंग्रजी पुस्तकांत याच्या नुसत्या लांबच लांब याद्या असतात, पण मराठी माणसाला त्यातलं निम्मंअधिक कानानं कळू शकतं आणि ही गोष्ट मला फार मोलाची वाटते, म्हणून जरा सविस्तर सांगते. मराठीत जिथे 'करायला' येतं तिथे बहुतेक वेळा इटालियनमध्ये 'आ' येतो. पोहायला शिकतेय, 'इंपारो आ नुओतारे'. पाव आणायला जातेय, 'व्हादो आ कोंप्रारे इल पाने'. पाऊस पडायला लागला, 'कोमिंचा आ प्योव्हेरे'. स्वयंपाक करायला मदत करशील? 'मी आयुती आ कुचिनारे?' बघ, एकही अडलं नाही. आणि जिथे आपण 'करायचं' किंवा 'करण्याचा, करण्याची' म्हणतो तिथे बहुतेक वेळा 'दि' येतो. निघायचं ठरवलंय, 'ओ देचीसो दि पार्तीरे'. राहायचा विचार आहे, 'पेन्सो दि रेस्तारे'. चुकण्याची भीती वाटते, 'ओ पाउरा दि झ्बाल्यारे'. झोपण्याची गरज आहे, 'ओ बिझोन्यो दि दोर्मीरे'. सिगरेट ओढायची सोडली, 'ओ झ्मेसो दि फुमारे'. हा 'दि' म्हणजे आपला 'चा, ची, चं'च आहे, नामाला नाम जोडतानाही तोच येतो, त्यामुळे इच्छा, भीती, गरज, आशा, विचार असं काही आलं की दि म्हणायला घाबरू नकोस.

हे शंभर टक्के चालत नाही आणि जिथे चालत नाही ते आधीच माहीत असलेलं बरं. विसरणं आणि सांगणं ही दोन मुख्य. आपण म्हणतो दार लावायला विसरले, पण इटालियनमध्ये 'ओ दिमेंतिकातो दि किउदेरे ला पोर्ता'. थांबायला सांगितलं, 'मी आ देत्तो दि आस्पेत्तारे'. मराठीत दोन्हीकडे 'आयला', तिथे दोन्हीकडे दि. प्रयत्न करणं यालाही दोन क्रियापदं आहेत, चेर्कारे आणि प्रोव्हारे, त्यातलं चेर्कारे दि घेतं आणि प्रोव्हारे आ घेतं, इथे मराठीचा काही उपयोग नाही, ती जोडी तोंडपाठच करायची.

मधे काहीही न घेणारी क्रियापदं मोजकी आहेत पण दिवसभर तीच लागतात : पोतेरे (शकणं), व्होलेरे (हवं असणं), दोव्हेरे (करावं लागणं), सापेरे (करता येणं), प्रेफेरीरे (जास्त आवडणं), प्याचेरे (आवडणं) आणि बिझोन्या (करायला हवं). यातलं प्याचेरे नीट लक्षात ठेव, कारण आपण 'वाचायला आवडतं' म्हणतो आणि वरच्या हिशोबानं 'आ' लावायचा मोह होतो, पण 'मी प्याचे लेज्जेरे' एवढंच. अजून एक, 'मला जायचंय' हे मराठी वाक्य इटालियनमध्ये जसंच्या तसं नेता येत नाही. इच्छा आहे म्हणून जायचंय का जावंच लागणार म्हणून जायचंय हे आपल्याला संदर्भानं कळतं, तिथे आधी ठरवावं लागतं : 'व्होल्यो आंदारे' नाहीतर 'देव्हो आंदारे'.

आणि वहीत क्रियापद कधी एकटं लिहू नकोस. 'कोमिंचारे' असं नाही, 'कोमिंचारे आ' असं लिही, 'देचीदेरे दि' असं लिही. पुढे सिएनाच्या विद्यापीठाची चिल्स किंवा पेरुजाच्या विद्यापीठाची चेली परीक्षा द्यायची ठरवलीस तर ही वही तुला नव्या पुस्तकापेक्षा जास्त उपयोगी पडेल.

प्रश्न : नमस्कार मॅडम. पिंपळगाव बसवंतजवळ आमची द्राक्षबाग आहे. फवारणीचं मशीन सेकंडहँड घेतलं ते इटलीचं निघालं, सोबतचं पुस्तक आणि मशीनवरची स्टिकरं सगळी इटालियनमध्ये. मुलगा मोबाईलवर फोटो काढून अर्थ बघतो पण प्रत्येक ओळीत नुसतं आरे, एरे दिसतं, मग करा असं सांगितलंय का करणं असं आहे तेच समजत नाही. शिवाय पोतारे आणि पोतेरे हे एकच का वेगवेगळे?

उत्तर : तुमचा प्रश्न वाचून खरंच आनंद झाला, कारण इन्फिनिटिव्ह सगळ्यात जास्त कुठे दिसतं तर असल्या पुस्तकांतच. सूचना एका माणसाला नसून जो कोणी वाचेल त्याला असते तेव्हा इटालियनमध्ये आज्ञेच्या जागी सरळ इन्फिनिटिव्ह वापरतात. आपण अशा ठिकाणी 'वे' लावतो ना, औषधाच्या बाटलीवर 'वापरण्यापूर्वी हलवावी' असतं तसं, अगदी तेच काम. म्हणजे तुमच्या पुस्तकात 'लेज्जेरे आत्तेंतामेंते' असेल तर काळजीपूर्वक वाचावे. 'इंदोस्सारे ई ग्वांती', हातमोजे घालावेत. 'स्पेन्येरे इल मोतोरे प्रीमा दि पुलीरे ल्यी उजेल्ली', नोझल साफ करण्याआधी इंजिन बंद करावे. आणि सुरुवातीला 'नॉन' दिसलं की ते 'नये' समजायचं : 'नॉन रिमुओव्हेरे ले प्रोतेत्सियोनी', संरक्षक झाकणं काढू नयेत. मशीनच्या फिरत्या भागाजवळ जे नॉनवालं स्टिकर असेल ते आधी समजून घ्या, बाकीचं सावकाश वाचलं तरी चालेल. स्वयंपाकाच्या कृतीही अशाच लिहितात, कांदा चिरावा, दहा मिनिटं शिजवावं, सगळं इन्फिनिटिव्हमध्ये. इटलीतल्या दुकानाच्या दारावर स्पींजेरे म्हणजे ढकला आणि तिरारे म्हणजे ओढा.

मुलगा पुढे बोलायला शिकणार असेल तर त्याला एक सांगा. समोरच्या एका माणसाला 'तू' म्हणून नको म्हणायचं असेल तरी हेच रूप येतं, 'नॉन तोक्कारे!' म्हणजे हात लावू नको. पण हात लाव म्हणायचं असेल तर इन्फिनिटिव्ह चालत नाही, तिथे 'तोक्का' होतं, आणि मोठ्या किंवा अनोळखी माणसाला आदरानं सांगायचं तर 'नॉन तोक्की'. पाहुण्याला 'नॉन तोक्कारे' म्हटलं तर ते एकेरी होतं.

आता पोतारे आणि पोतेरे. दोन्ही पूर्ण वेगळी. पोतारे म्हणजे छाटणी करणं, तुमच्या रोजच्या कामाचंच क्रियापद, आणि ते सरळमार्गी आहे : पोतो, पोती, पोता, पोत्यामो असं चालतं. पोतेरे म्हणजे शकणं, आणि ते अजिबात सरळ चालत नाही : पॉस्सो, पुओई, पुओ, पोस्स्यामो. त्यामुळे मूळ रूपात दिसायला जवळ असले तरी वाक्यात गेल्यावर गोंधळ फारसा उरत नाही. दोन्ही एकाच वाक्यात बघा : 'नॉन पोस्स्यामो पोतारे कोन ला प्योज्जा', पावसात आम्ही छाटणी करू शकत नाही. किंवा 'इन ओत्तोब्रे दोब्ब्यामो पोतारे ला व्हीते', ऑक्टोबरमध्ये आम्हाला द्राक्षवेलीची छाटणी करावी लागते. हे वाक्य इटलीतल्या बागायतदारानं ऐकलं तर तो चकित होईल हे मात्र खरं, कारण त्यांच्याकडे वेल थंडीत झोपलेली असताना वर्षातून एकदा मुख्य छाटणी होते आणि ऑक्टोबर हा तर काढणी उरकण्याचा महिना, आपल्यासारखी एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची गोडी छाटणी त्यांना माहीत नाही. काढणीला त्यांच्याकडे वेगळं क्रियापदच आहे, व्हेंदेम्म्यारे, आणि ते फक्त द्राक्षांसाठी.

प्रश्न : मी पंचवटीत राहतो, शाळेत संस्कृत शिकवून निवृत्त झालो. नातीबरोबर इटालियन वाचतो आहे. हे इन्फिनिटिव्ह म्हणजे आपलं तुमन्त, कर्तुम्, गन्तुम्, असं समजावं का? आणि प्रोदुर्रे, पोर्रे या क्रियापदांना आरे, एरे, ईरे यातलं काहीच नाही, ती कोणत्या गणात घ्यायची?

उत्तर : सर, अर्थाच्या बाजूनं थोडं साम्य आहे पण घराणं वेगळं. 'पठितुं गच्छति' (शिकायला जातो) याला इटालियनमध्ये 'व्हा आ स्तुद्यारे' म्हणतील, म्हणजे तुमन्ताचं काम तिथे 'आ' आणि इन्फिनिटिव्ह मिळून करतात. पण 'तुम्' प्रत्ययाचा खरा सख्खा लॅटिनमध्ये वेगळाच आहे, त्याला तिथले वैयाकरण सुपाइन म्हणतात, तुमच्या दातुम्‌ला लॅटिनमध्ये दातुम असंच रूप आहे. ते रूप इटालियनपर्यंत येताना क्रियापदांमधून गळून गेलं. 'रे' हा प्रत्यय निराळा, तो लॅटिनमध्ये पूर्वी 'से' होता आणि दोन स्वरांमधल्या स चा र होत गेला. तो जुना स लॅटिनच्या एस्से (असणं) मध्ये टिकला, आणि पुढे त्याच्या मागे नेहमीचा 'रे' लागून इटालियनचं एस्सेरे झालं. तुमच्या अस् धातूचा तो भाऊबंद.

शिवाय तुमन्त मुख्यतः हेतू सांगतं, इटालियन इन्फिनिटिव्ह मात्र सरळ नाम म्हणूनही बसतं, कर्ता होतं, त्याला आर्टिकल लागतं, काही तर कायमची नामं झाली : इल पोतेरे म्हणजे सत्ता, इल दोव्हेरे म्हणजे कर्तव्य, इल प्याचेरे म्हणजे आनंद, आणि त्यांची अनेकवचनंही होतात, ई पोतेरी, ई दोव्हेरी. म्हणून तुमन्तापेक्षा मराठीचं 'णे' हीच जास्त जवळची जोडी. शब्दकोशांकडे बघा. संस्कृत कोश धातू देतो, लॅटिन कोश 'आमो' म्हणजे मी प्रेम करतो असं प्रथम पुरुषाचं रूप देतो, पण फ्लॉरेन्सच्या क्रुस्का अकादमीचा 1612 चा इटालियन कोश आमारे देतो आणि मोल्सवर्थच्या मराठी कोशात, ज्याची दुसरी आवृत्ती 1857 ची, 'करणें' असतं.

प्रोदुर्रे (निर्माण करणं), त्रादुर्रे (भाषांतर करणं), पोर्रे (ठेवणं) ही सगळी दुसऱ्या गणातली, एरेवाली, फक्त आखडलेली. लॅटिन प्रोदुचेरे... उच्चार त्या काळी प्रोदूकेरे, त्याचं मधलं अक्षर गेलं. पण इन्फिनिटिव्हमध्ये गेलेलं ते अक्षर बाकी रूपांत शिल्लक आहे, मी निर्माण करतो म्हणजे प्रोदूको. पोर्रे हे मूळचं पोनेरे, म्हणून पोन्गो, पोनेव्हो. बेरे (पिणं) हे पूर्वी बेव्हेरे, म्हणून बेव्हो. फारे (करणं) आणि दीरे (म्हणणं) यांचंही तेच, भूतकाळात फाचेव्हो, दिचेव्हो असं होतं, जुनी रूपं फाचेरे, दिचेरे धरली की ही रूपं अनियमित वाटत नाहीत. तुम्हाला लोप, आदेश हे सगळं हाताशी आहे त्यामुळे ही यादी नातीला तुम्हीच शिकवावी.

प्रश्न : अंबडला कंपनीत आहे, इटालियन सप्लायरबरोबर रोज कॉल असतात. 'सो व्हेनीरे' म्हणू का 'पॉस्सो व्हेनीरे'? आणि जेवणानंतर फोन करतो हे 'दोपो मांजारे' होतं का?

उत्तर : पहिल्याचं उत्तर तुम्ही रोज मराठीत बोलताच. 'मला पोहता येतं' हे सो नुओतारे (सो हे सापेरेचं रूप), शिकलेलं कौशल्य. 'आज पोहू शकतो, वेळ आहे' हे पॉस्सो नुओतारे. इंग्रजीत दोन्हीला एकच 'कॅन' आहे म्हणून इंग्रजीतून गेलात की अडकता, मराठीतून गेलात की नाही. कॉलवर येण्यात कौशल्य काही नाही, म्हणून पॉस्सो व्हेनीरे. पण मशीन चालवता येतं का असं विचारलं तर सो.

दुसरं जरा काळजीनं. 'आधी'ला प्रीमा दि आणि साधं इन्फिनिटिव्ह, प्रीमा दि मांजारे, जेवण्याआधी. 'नंतर'ला मात्र काम पूर्ण झालेलं दाखवावं लागतं, आपण 'जेवून झाल्यावर' म्हणतो ना तसं : दोपो आव्हेर मांजातो. जाणं, येणं, पोचणं अशा क्रियापदांना आव्हेर ऐवजी एस्सेरे लागतं आणि शेवटचं अक्षर कर्त्याप्रमाणे बदलतं, तुम्ही म्हणाल 'दोपो एस्सेरे आर्रिव्हातो', तुमची सहकारी म्हणेल 'आर्रिव्हाता'. आणि ही दोन्ही रूपं कर्ता एकच असेल तरच. मी निघण्याआधी मी फोन करतो, ठीक. ते निघण्याआधी मी फोन करतो असं असेल तर इन्फिनिटिव्ह सोडून प्रीमा के आणि सबजंक्टिव्ह (अजून न घडलेलं, मनातलं सांगणारं क्रियापदाचं वेगळं रूप) घ्यावं लागतं, मराठीत दोन्हीकडे 'निघण्याआधी'च म्हणतो म्हणून ही चूक आपल्याकडे फार होते.

प्रश्न : मुलगी तोरीनोला असते, तिच्याकडे जाऊन राहायचंय म्हणून इंदिरानगरला घरीच शिकतेय. मी 'देव्हो आल्त्सार्सी' म्हटलं, मला उठायचंय, तर जावई म्हणाले बरोबर नाही. डिक्शनरीत तर तसंच आहे हो.

उत्तर : जावईबापू बरोबर सांगतायत. आल्त्सार्सी मधला 'सी' म्हणजे 'स्वतःला', आणि तो फक्त डिक्शनरीपुरता आणि तो, ती, ते यांच्यासाठी. तुम्ही स्वतःबद्दल बोलताय म्हणून इटालियन 'मी' (म्हणजे मला) लागणार, देव्हो आल्त्सार्मी, आणि मुलीला म्हणाल देव्ही आल्त्सार्ती. आरे मधला शेवटचा ए गळतो आणि सर्वनाम त्याला चिकटतं. तेच सर्वनाम उचलून पुढे नेलं तरी चालतं, 'मी देव्हो आल्त्सारे', दोन्ही बरोबर, दोन्ही ऐकू येतील. 'त्याला बघायचंय' हेही असंच, व्होल्यो व्हेदेर्लो किंवा लो व्होल्यो व्हेदेरे. फक्त मधे तोडून व्होल्यो लो व्हेदेरे असं करू नका. आणि तिथे गेल्यावर केस कापून घ्यायचे असतील तर 'मी फाच्चो ताल्यारे ई कापेल्ली', फारे आणि पुढे इन्फिनिटिव्ह म्हणजे आपलं 'करून घेणं', पंप दुरुस्त करून घेण्यापासून ड्रेस शिवून घेण्यापर्यंत सगळीकडे चालतं.

प्रश्न : व्हेदेरे आणि स्क्रीव्हेरे, दोन्ही एरेवाली, मग उच्चार वेगळा का ऐकू येतो? (गंगापूर रोड)

उत्तर : आघातामुळे. आरे आणि ईरेमध्ये जोर नेहमी त्या आ आणि ई वर असतो, पार्ला-रे, दोर्मी-रे. एरेमध्ये दोन प्रकार आहेत : व्हेदेरे, पोतेरे, दोव्हेरे यात जोर 'दे, ते, व्हे' वर, पण स्क्रीव्हेरे, लेज्जेरे, प्रेन्देरे यात जोर पहिल्याच अक्षरावर आणि नंतरचं एरे हलकं. लिहिताना ही खूण कुठेच नसते पण चांगल्या डिक्शनरीत दिलेली असते. दुसऱ्या प्रकारातली संख्येनं जास्त आहेत, त्यामुळे पहिल्या प्रकारातली व्हेदेरे, आव्हेरे, सापेरे, पोतेरे, दोव्हेरे, व्होलेरे, तेमेरे, प्याचेरे अशी आठ-दहा लक्षात ठेवा आणि नवीन एरेवालं क्रियापद समोर आलं की अंदाजानं जोर शेवटून तिसऱ्या अक्षरावर ठेवून मग डिक्शनरीत तपासा.